माझ्या भावाच्या नावाचा माणूस

लग्नाला चार-पाच वर्षं झाली असतील. एका सकाळी सासऱ्यांनी मला स्वयंपाकघराच्या दाराशी बोलावलं आणि म्हणाले, "उद्या तुझा भाऊ यायलाय. राहील काही दिवस."

मी म्हटलं, "ज्वारीच्या राखणीचे दिवस हायेत. शेत सोडून कसा येईल तो?"

"तो न्हाई येत. दुसराच यायलाय. नाव तेवढं त्याचं सांगायचं."

एवढंच बोलून ते दुकानात गेले. सासरे कमी बोलायचे. चळवळीचा शब्दही त्यांनी घरात कधी काढला नव्हता आणि कुठल्या सभेला गेलेलं मी त्यांना पाहिलं नव्हतं. गंगाखेडच्या बाजारात आमचं गूळ आणि किराण्याचं दुकान होतं. माझा नवरा सरकीच्या कामासाठी बहुतेक सेलूला असायचा, म्हणून दुकान सासरेच बघत. निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष होतं, पण ते शेवटचं आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. धरपकड चालू होती. सरकारच्या विरोधात काम करणारी काही माणसं हद्द ओलांडून वऱ्हाडात गेली होती, आणि काही दुसऱ्याच्या घरी दुसऱ्याच्या नावाने राहत होती. अशांतला एक आमच्याकडे येणार होता.

माझाच भाऊ का, हे मला लगेच कळलं. सासरचे सगळे नातेवाईक गंगाखेडला माहीत होते. माझं माहेर मात्र लांब, चारठाण्याच्या पुढे, वऱ्हाडच्या हद्दीला लागून. लग्नाला इथून गेली ती फक्त घरची माणसं. भाऊ तेव्हा मिसरूड न फुटलेला पोरगा होता. आता तो कसा दिसत असेल हे इथे कुणीच सांगू शकलं नसतं.

"माहेरी कळवू का?" मी सासऱ्यांना विचारलं.

"कशाला? जितक्या कमी लोकांना ठावं तितकं बरं."

मला ते पटलं. आजही पटतं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने तो आला. काटकुळा, पोरसवदा चेहऱ्याचा, बारीक मिशी. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा असावा, पण अंगाने इतका बारीक की माझा धाकटा भाऊ म्हणून खपून गेला असता. ओट्यावर येऊन त्याने हात जोडले.

"नमस्कार ताई. आपल्याला फार त्रास देतो आहे."

मी त्याला आत घेतलं, दार लावलं आणि म्हटलं, "भाऊ असा बोलत नसतो. अक्का म्हणायचं. आपण-बिपण काही नाही. आणि त्रासाचं बोलायचं नाही, भूक लागली म्हणायचं."

"भूक लागली, अक्का," तो म्हणाला. लागलीही असावी.

जेवायला बसल्याबरोबर त्याने ताटाभोवती पाणी फिरवलं आणि भाताची चार शितं बाजूला काढून ठेवली. सासूबाई चुलीपाशी होत्या. त्या म्हणाल्या, "ह्ये काय, मुंग्यांना घालायलास का?" त्यावरून तो ब्राह्मणाच्या घरचा हे आम्हाला कळलं. त्याहून जास्त मी विचारलं नाही.

आम्ही लिंगायत. आमच्यात अंघोळ करून, कपाळाला भस्माचे तीन आडवे पट्टे ओढून, लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय पोटात काही घालत नाहीत. ताटात कण ठेवत नाहीत. जेवण झालं की ताटात पाणी ओतून, बोटाने ताट धुऊन ते पाणी पितात. त्या दिवशी त्या पाण्याकडे तो एरंडेल दिल्यासारखा बघत राहिला. मग डोळे मिटून प्यायला. "उद्या डोळे उघडे ठेवून," मी म्हटलं. तो शिकण्यात हुशार होता. आठवड्याभरात भस्माचे पट्टेही सरळ यायला लागले.

लिंगाचा प्रश्न अवघड होता. ते गुरूने दीक्षा देऊन गळ्यात घालायचं असतं, असं कुणाच्याही गळ्यात घालता येत नाही. सासऱ्यांनी त्याला एक रिकामी चांदीची डबी दिली. ती सदऱ्याखाली लोंबायची. पूजेच्या वेळी तो मागच्या खोलीत जाऊन दार ओढून बसायचा. सासूबाईंना ते अजिबात आवडलं नाही.

"रिकामी डबी घालून जेवायला बसतंय. देवाला कळत नसंल का?"

"देवाला कळू दे," सासरे म्हणाले. "अमीनाला कळू नये." अमीन म्हणजे पोलीस ठाण्याचा अधिकारी.

मला सगळ्यात जड गेलं ते त्याला अरे-तुरे करणं. शिकलेला, वयाने मोठा माणूस, आणि मी भर बाजारात त्याला माझ्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारून "अरे, पाणी भरलंस का?" म्हणायचं. चार दिवस जीभ अडखळली. मग सवय झाली, इतकी की एकदा चिडून मी त्याला बावळट म्हटलं. त्याने गुळाच्या ढेपी ओल येणाऱ्या भिंतीला लावून रचल्या होत्या.

तो दुकानात बसायला लागला. बहिणीच्या सासरी भाऊ महिनोन् महिने राहतो ही काही मानाची गोष्ट नव्हे. शेजारच्या कासारणीने बांगड्या भरता भरता मला विचारलं, "भाऊ आला त्यो आला, जायचं नावच घेईना गं. माहेरनं आंदणात दिलाय का?"

"दुकानात राबायलाय. फुकट खाईना."

"तसं न्हाई. माझाबी एक हाय, त्याला पाठवू का इचारायले."

ठाण्यातला एक जवान रोज दुकानाच्या पायरीवर बसून सुपारी खायचा. वयस्कर, पोट सुटलेला, स्वभावाने गरीब. दुकानात बसलेला मालकाच्या बायकोचा भाऊ, म्हणजे त्याच्या दृष्टीने चेष्टेचाच माणूस. "क्या सालेसाब," तो म्हणायचा, "तोलते-तोलते कित्ता गूळ खाए आज?" आमच्या पाहुण्याला हैदराबादी उर्दू चांगली येत होती, पण तो मुद्दाम मोडकंतोडकं बोलायचा. ज्याला पोलीस शोधत होते त्याच्याशी पोलीस रोज अर्धा-अर्धा तास गप्पा मारत होता. आम्हाला त्याचीही सवय झाली.

ऐन उन्हाळ्यात एक माणूस आला आणि हळद घेण्याच्या निमित्ताने सासऱ्यांशी दोन शब्द बोलून गेला. मग सासऱ्यांनी आमच्या पाहुण्याला कोठीत नेलं. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा नेहमीसारखाच होता. त्याने गिऱ्हाइकाला गूळ तोलून दिला, वरून एक खडाही दिला. सासऱ्यांनी आत येऊन आम्हाला सांगितलं, "त्याचे वडील वारले. आठ दिवस झाले."

जाण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच्या घरावर पाळत होती. तो जेवला नाही. मी आग्रह केला नाही.

सकाळी तो अंघोळीला नदीवर गेला. परत आला तो डोकं आणि मिशी दोन्ही काढून.

सासूबाई ओट्यावर ज्वारी पाखडत होत्या. त्यांच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "ह्ये काय केलंस, बाबा?"

"तेवढं तरी करू द्या, आई," तो म्हणाला.

त्याने काय केलं होतं हे त्याला अजून कळलं नव्हतं. मला कळलं. मिशी बाप गेल्यावरच काढतात. तो माझा भाऊ होता. म्हणजे गंगाखेडच्या लेखी माझा बाप गेला होता. घाटावरच्या न्हाव्याने विचारलं असणार, यानेही "वडील" असं उत्तर दिलं असणार, आणि घाटावरचा न्हावी म्हणजे दवंडीच.

मी सासूबाईंना म्हटलं, "आता रडावं लागंल."

"कुणासाठी?"

"माझ्या बाबांसाठी. लोक येतीलच."

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं आणि मला वाटलं होतं त्याहून चांगलं काम केलं. लग्नातल्या मानपानावरून माझ्या वडिलांचा राग त्यांच्या मनात होता, तो मला येता-जाता ऐकवायच्या. आता कासारीण दारात दिसताच त्यांनी गळा काढला. "लय देवमाणूस होते गं व्याही माझे. पुन्यांदा आसा माणूस व्हायचा न्हाई." मी चुलीपुढे बसून होते. धूर होता, त्यामुळे डोळ्यांना फार कष्ट पडले नाहीत. कासारणीने मला पोटाशी धरलं. थोड्या वेळाने ती पिठलं-भाकरी घेऊन आली, कारण दुखवट्याच्या घरी चूल पेटवू देत नाहीत. ती भाकरी मला गिळावी लागली. बाबा त्या वेळी माहेरी खाऊन-पिऊन सुखात असणार, हे मनात असताना.

दुपारी समोरच्या दुकानाचे आप्पा आले. आमच्यातलेच, म्हातारे, कर्मठ. दोन्ही दुकानांत गिऱ्हाइकांवरून कुरबुर असायची, आणि अमीनाच्या घरी त्यांच्याकडून तूप जायचं. ते बैठकीत बसले. जवानही आला होता, तो पायरीवर टोपी काढून बसला. हा भिंतीला टेकून खाली मान घालून बसला होता. मी दाराआड होते.

आप्पा म्हणाले, "डोस्कं कामून काढलंस पोरा? आपल्यात काढत न्हाईत."

सासरे म्हणाले, "तिकडं हद्दीकडं काढतेत कुणी कुणी."

"आसंल." आप्पांनी मग चांगल्या भावनेनेच विचारलं, "समाधी मळ्यात दिली का गावच्या जागंला? तुला तर पोचता आलं नसंल."

त्याने मान वर केली. सहा महिने एकही शब्द चुकला नव्हता. या वेळी त्याने खरं ते सांगितलं.

"मी एकुलता एक, आप्पा. पण अग्नी द्यायला मी नव्हतो."

आमच्यात जाळत नाहीत. बसवून पुरतात. तान्ह्या पोरालाही हे माहीत असतं. जवानाला त्यात काही वावगं वाटलं नाही. हिंदूंना मेल्यावर जाळतात एवढं त्याला ठाऊक होतं. तो म्हणाला, "सबर करो बेटा, अल्ला की मर्जी." पण आप्पांनी याच्या डोक्याकडे पाहिलं, सदऱ्यातून दिसणाऱ्या डबीकडे पाहिलं, मग माझ्या सासऱ्यांकडे. सासरे जमिनीकडे बघत होते. याला काय बोलून गेलो ते आत्ता कळलं.

मी दाराआडून आप्पांचं तोंड बघत होते. त्यांनी पायरीवरच्या जवानाला नुसतं "इकडं ये" म्हटलं असतं तरी पुरे होतं. याला नेलं असतं, त्याच्यामागून सासऱ्यांना, आणि सेलूहून माझ्या नवऱ्यालाही.

आप्पा उठले. "पोराला पाणी द्या," म्हणाले. मग आतल्या दाराशी आले, जवानाला ऐकू येईल अशा आवाजात मला म्हणाले, "सूनबाई, बाप गेल्यावर लेकीनं माहेराला जायला पाहिजे. भावाला घेऊन आजच्या गाडीनं जावा." आणि मग हळू, "वाटंत त्याला नीट शिकवा. आपल्यात पुरतेत."

मी बोचकं बांधलं. त्याची ट्रंक तशीच ठेवली. सुतकातला भाऊ ट्रंक घेऊन निघत नाही. बाजारातून चालत निघालो तर लोक दुकानांतून उठून उभे राहत होते. सहा महिने ज्याला कुणाच्या डोळ्यांत भरू दिलं नव्हतं तो भर दुपारी साऱ्या गंगाखेडच्या समोरून चालला होता. जवानाने माझं बोचकं आपणहून डोक्यावर घेतलं. स्टेशनवर गर्दी होती. त्याने डब्याच्या दारात उभं राहून दरडावलं, "जगा देव रे. बाप मर गया इनका." दोन माणसांना उठवून त्याने आम्हाला खिडकीशी बसवलं.

गाडी सुटल्यावर हा खिडकीकडे तोंड करून रडला. मी रडू दिलं. डब्यातल्या सगळ्यांना कारण माहीत होतं, आणि ते खरंही होतं. परभणीला मोटारीच्या अड्ड्यावर दोन पोलीस माणसं न्याहाळत होते. एकाने त्याचं डोकं बघितलं, माझे सुजलेले डोळे बघितले आणि पुढच्या माणसाकडे वळला. जिंतूरपर्यंत मोटार, पुढे बैलगाडी. वाटेत मी त्याला काही शिकवलं नाही. आता गरज नव्हती.

बाबा ओसरीत दोरीसाठी वाख वळत बसले होते. माझ्याबरोबर मुंडण केलेला परका माणूस बघून ते उठले. "कोण गेलं गं?"

"तुमी," मी म्हटलं, आणि आईने पाणी आणेपर्यंत सगळं सांगून टाकलं.

बाबांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "कोण कोण रडलं तिकडं?"

"सासूबाई लय रडल्या. व्याही देवमाणूस होते म्हणाल्या."

"जिता हाय तवर एकदा म्हणायला काय झालतं तिला?"

भाऊ संध्याकाळी शेतातून आला. तो चिडेल असं मला वाटलं होतं आणि तो चिडला. सहा महिने आपलं नाव कुणीतरी वापरतंय हे त्याला एक वेळ चाललं असतं. "पण माझ्या नावानं मिशी काढलीस? माझा बाप ह्यो बसलाय इथं. मला इचारायचं तरी."

"चुकलं," हा म्हणाला.

"आन आता मी अक्काकडं कसा जाऊ?"

"येऊ नकोस," मी म्हटलं. "एवढ्यात तरी."

भाऊ भाकरी खाईपर्यंत धुमसत होता. मग त्यानेच ठरवलं की सकाळी गुरं घेऊन नाल्याकडे जायचं. नाल्याच्या पलीकडे वऱ्हाड. गुराख्याकडे कुणी बघत नाही. त्याने आपलं घोंगडं आणि काठी याला दिली. सकाळी निघताना हा बाबांच्या पाया पडला. बाबा म्हणाले, "तुझ्या वडलांचं काय राहिलं आसंल ते तिकडं गेल्यावर कर. इथं माझ्यावर भागवलंस."

भाकरी द्यायच्या निमित्ताने मी शेवटच्या शेतापर्यंत गेले. भाऊ गुरं घेऊन पुढे उतरला होता. नाल्यात पाणी नव्हतं, दगडच होते. हा थांबला आणि पहिल्या दिवसासारखा बोलायला लागला.

"अक्का, तुम्ही इतकं केलंत. निदान माझं खरं नाव तरी तुम्हाला ठाऊक असावं. मी..."

"सांगू नका," मी म्हटलं.

त्याने काठी दुसऱ्या हातात घेतली.

"मला दहा-बारा दिवसांनी गंगाखेडला परत जायचंय. उद्या अमीनाने विचारलं तर मला ठाऊक नाही असं म्हणता आलं पाहिजे. ठाऊक असून नाही म्हणायला मला जमेलच असं नाही."

त्याला ते पटलं असावं. त्याने मान हलवली, भाकरीचं फडकं घेतलं आणि खाली उतरला. भावाने त्याच्या डोक्यावर घोंगड्याची खोळ नीट ओढून दिली. दोघं गुरांमागे गेले. दुपारी भाऊ एकटा परत आला.

मी परत गेले तेव्हा जवान पायरीवरच होता. "सालेसाब नै आए?"

"बाप गेल्यावर शेती कोण बघणार?" मी म्हटलं.

"हौ, सही बात," तो म्हणाला आणि सुपारी घेतली. आप्पांनी त्या दिवसाबद्दल कधी एक शब्द काढला नाही. पुढच्याच महिन्यात आमचं एक गिऱ्हाईक फोडल्यावरून त्यांचं आणि सासऱ्यांचं कडाक्याचं भांडण झालं.

बाबांना मात्र त्या पावसाळ्यात गंगाखेडला येता आलं नाही. मी आजारी पडले तेव्हा आईला एकटीला यावं लागलं, तेही कुंकू पुसून. तिने घरात शिरल्याबरोबर लावलं आणि बाहेर पडताना पुन्हा पुसलं. हे तिला माझ्यापेक्षा जास्त लागलं. ती मला नंतर अनेक वर्षं बोलून दाखवायची, आणि तिचं बरोबर होतं.

पोळ्याच्या सुमाराला वाशिमकडचा एक तंबाखूवाला दुकानात येऊन गेला. तो गेल्यावर सासरे आत आले. आम्ही दोघी जात्यावर होतो. त्यांनी माझ्या भावाचं नाव घेतलं आणि म्हणाले, "खुशाल हाय म्हणं. काम करायलाय तिकडं."

सासूबाईंनी खुंटा धरून जातं थांबवलं. "कोण? खरा का आपला?"

"आपला," सासरे म्हणाले.